मिरजेच्या मामांना, दारांच्या हँडलांबद्दल

प्रिय मामा,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर "असू दे, असू दे" म्हणून तुम्ही ते ड्रॉवरमध्ये सारलं असतं. शिवाय सांगली-कोल्हापूर भागात जुन्या गाड्या जिवापाड जपणारी बरीच मंडळी आहेत. तुमचं काम त्यांनाही कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे आभार चारचौघांत मांडतोय.

गाडी १९६४ ची एमजीबी, म्हणजे इंग्लिश स्पोर्ट्स कार, वडिलांनी मुंबईहून आणलेली. ही गाडी १९६२ मध्ये इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनायला लागली आणि १९६५ पर्यंतच तिच्या दारांना बाहेर ओढून उघडायची हँडलं होती. पुढे बटणाची आली. त्यामुळे जाणकार माणूस नुसत्या हँडलावरून गाडी कुठल्या काळातली ते सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या शेडमध्ये ही गाडी बुडालेली होती. इंजिन आणि वायरिंगचं काम सावकाश झालं, दारं मात्र तशीच राहिली. लॉक जाम, हँडलं ढिली, क्रोमवर फोड. एका गॅरेजमध्ये सांगितलं, हे भंगारात घाला, दुसऱ्या गाडीची हँडलं बसवून देतो. म्हणजे वडिलांच्या गाडीच्या पत्र्याला नवी भोकं पाडायची. माझं मन होईना.

तुम्ही हँडल हातात घेतलंत, आतल्या बाजूने कानशीचा हलका हात मारलात आणि म्हणालात, "पितळ न्हाई हे, जस्त हाय." त्या एका वाक्याने हँडलं वाचली. त्या काळातल्या इंग्लिश गाड्यांची असली कामं जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेली असायची. पितळ समजून कुणी ब्रेझिंग (पितळ वितळवून सांधा जोडणं) करायला घेतलं, तर पितळ वितळायला नऊशे अंशांच्या वर तापवावं लागतं आणि हा धातू चारशेच्या आतच पाणी होतो. ॲसिडच्या टाकीत जास्त वेळ राहिला तर तिथेही विरघळतो. कुपवाडच्या प्लेटिंगवाल्याकडे, म्हणजे धातूवर मुलामा चढवणाऱ्याकडे, तुम्ही स्वतः आलात ते याचसाठी, आणि मला हे फार मोठं वाटतं. फोडांखालचा सगळा पांढरा गंज कोरून काढायचा, नाहीतर नवीन क्रोम पुन्हा फुगणार. तांब्याचा मुलामा देणाऱ्या ॲसिडच्या टाकीत एकदम बुडवायचं नाही, आधी अल्कलीच्या टाकीतून तांब्याचा पातळ थर द्यायचा. मग जाड तांबं, घासणं, पुन्हा तांबं, खड्डे भरेपर्यंत. त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो, खरी झळाळी खालच्या निकेलची, हे तुम्ही त्या कारागिराला आणि मला एकाच वेळी समजावलंत. तोही मन लावून ऐकत होता.

पण हँडलांना हात लावण्याआधी तुम्ही दार उघडून त्याचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून पाहिलंत. दार बिजागरीत खाली-वर हलत होतं. "आदी दार सरळ लटकू दे, मग हँडलाचं बघू." दार खाली झुकलं की लॅच (दाराची खिट्टी) खांबावरच्या स्ट्रायकरवर, म्हणजे ती जिथे अडकते त्या तुकड्यावर, घासत बसते, उघडताना जोर लागतो, आणि तो सगळा जोर हँडलाच्या बारीक पिनेवर येतो. हँडल खराब होण्याचं मूळ तिथं होतं. माझ्या मते जुन्या गाडीचं दार दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाने इथूनच सुरुवात करावी. बिजागऱ्यांच्या पिना तुम्ही बदलल्यात, शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून दार उचललंत, स्ट्रायकर जागेवर आणलात. नवीन हँडलं आणून लावली असती तरी तीही काही वर्षांत अशीच गेली असती. दाराच्या तळाची पाणी निघून जायची छिद्रंही पुराच्या गाळाने बुजली होती. त्यांचं मी विचारलंही नव्हतं, तुम्ही ती तारेने मोकळी केलीत.

लॉकचं काम बघायला मिळालं हे माझं भाग्य. रॉकेलमध्ये भिजवून सैल केलेला सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो लॉकचा भाग, तुम्ही बाहेर काढलात, आतल्या पितळी पत्त्या चिमट्याने एकेक करून वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्यात आणि प्रत्येकीशेजारी पेन्सिलीने आकडा घातलात. नखाएवढ्या त्या पत्त्या, प्रत्येकीची खाच निराळी, आणि क्रम चुकला तर किल्ली फिरणारच नाही. पंखा बंद करायला लावलात, कारण त्यांच्या स्प्रिंगा केसासारख्या. किल्ली तर पुरातच गेली होती. त्या खाचांवरून तुम्ही कोरी किल्ली कानशीने घासलीत, भिंगातून बघत, दोन घासे मारायचे आणि लावून बघायची. तेल घालू दिलं नाहीत, तेलावर धूळ बसते म्हणून ग्राफाइटची पूड फुंकलीत. किल्ली फिरली तेव्हा आईने, तिथं खुर्चीवर बसलेल्या, देवाचं नाव घेतलं.

मामा, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर तुमचं ते छोटं दुकान, एक लेथ आणि एक व्हाइस. टूलरूममधून निवृत्त झाल्यावर आरामात बसायचं सोडून तुम्ही माझ्यासारख्याच्या दारासाठी डोळे शिणवलेत. मजुरी सांगितलीत ती एवढी कमी, की मी वाद घातला आणि हरलो. वडील असते तर ते तुमच्यासमोर बसून सगळं विचारून घेत राहिले असते. त्यांनी ओढलेलं हँडल आता माझी मुलगी ओढते. यासाठी तुमचे किती आभार मानू?

डिकीचं लॉक अजून बाकी आहे. तेही तुमच्याच हातून व्हावं अशी इच्छा आहे. दसरा झाला की घेऊन येतो. मामींनाही नमस्कार सांगा.

तुमचा,
सांगलीचा एमजीवाला

ता. क. : तुमच्या सांगण्याप्रमाणे हँडल आणि पत्रा यांच्यामध्ये रबराचं पॅकिंग घातलंय, दोन्ही बाजूंना. पावसाळ्यात दाराआत पाण्याचा थेंब आला नाही.