केटोवर पळणाऱ्यांकडून पाच सायकलपटूंना

प्रिय सायकलपटूंनो,

तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत. स्टीफन फिनी आणि सहकाऱ्यांच्या १९८३ च्या शोधनिबंधात तुम्ही फक्त आकडे आहात. चार आठवडे केटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ तोडून चरबीवर भागवणारा आहार: दिवसाला २० ग्रॅमहून कमी कर्बोदकं, दर किलो वजनामागे १.७५ ग्रॅम प्रथिनं, उरलेले उष्मांक चरबीतून. मांडीच्या स्नायूत सुई घालून काढलेले नमुने. आणि पाय चालेनासे होईपर्यंत पेडल. हे तुम्ही सोसलंत, म्हणून केटोवर लांब पळणाऱ्याला आज काहीतरी आधार आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

सगळ्यात आधी खनिजांसाठी. तुम्हाला ती वेगळी दिली होती, आणि नवखे नेमकी तीच विसरतात. कर्बोदकं तोडली की इन्शुलिन उतरतं, आणि ते उतरलं की मूत्रपिंडं सोडियम धरून ठेवत नाहीत. शिवाय स्नायू आणि यकृतात साठवलेल्या कर्बोदकांच्या, म्हणजे ग्लायकोजेनच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो घटलेले दिसतात ते बहुतेक हे पाणीच. पेढे वाटायची घाई नको. मग उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, डोकं ठणकतं, नेहमीच्याच वेगाला नाडी वर चढते. लोक याला ‘साखर सुटतेय’ म्हणतात आणि दातओठ खाऊन पळत राहतात. उपाय मिठाच्या बरणीत असतो. जेवणातलं धरून दिवसाला ३ ते ५ ग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण साडेसात ते साडेबारा ग्रॅम मीठ. त्यातलंच सपाट पाव चमचा, दीडेक ग्रॅम, कपभर कोमट पाण्यात विरघळवून पळण्याआधी अर्धा तास घ्यायचं. दीड तासापुढे पळायचं असेल तर वाटेत पुन्हा तेवढंच, घोटाघोटानं. घाबरून नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं, आणि ते जिवावरही बेतू शकतं.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशेब डॉक्टरांनीच मांडायचा. मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय केटोच्या वाटेला जाऊच नये. साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं, होऊ शकतो.

दुसरे आभार चार आठवडे थांबल्याबद्दल. पहिल्याच आठवड्यात चाचणी घेतली तर फक्त पडझड मोजली जाते. तुमचा श्वसन गुणांक (बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड भागिले घेतलेला ऑक्सिजन) ०.८३ वरून ०.७२ वर आला, म्हणजे इंधन जवळजवळ सगळं चरबीचं झालं, तो चार आठवड्यांनंतर. म्हणून शर्यत दोन महिन्यांच्या आत असेल तर आम्ही कुणाला सुरुवात करू देत नाही. पहिले तीन आठवडे इंटर्व्हल (थांबून थांबून वेगात पळणं) आणि टेम्पो (सलग जोरात पळणं) बंद. पूर्ण वाक्य न तुटता बोलता येईल एवढाच वेग, आणि चढ आला की सरळ चालायचं. केटोवर भूक मरते, त्यामुळे नकळत कमी खाल्लं जातं. पाळी चुकली किंवा नडगीचं हाड दुखू लागलं तर आधी ताटाकडे पाहा, मग बुटांकडे.

आता थोडी तक्रार, तुमच्याबद्दल नाही, तुमचे आकडे मिरवणाऱ्यांबद्दल. थकून थांबेपर्यंतची १४७ मिनिटांची सरासरी १५१ झाली, यावरून ‘केटोनं वेग घटत नाही’ असं सांगितलं जातं. पण तुम्ही कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या ६२ ते ६४ टक्क्यांवर पेडल मारत होतात. तो टिकण्याचा कस होता, वेगाचा नव्हे. लिटरभर ऑक्सिजनमागे कर्बोदकांतून सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात, चरबीतून ४.७. संथ पळताना श्वास शिल्लक असतो, म्हणून फरक पचून जातो. १० किलोमीटरला छाती आधीच भात्यासारखी चालत असते, तिथे तो वेगातून वजा होतो. क्रीडा-आहाराच्या संशोधक लुईस बर्क यांनी २०१७ मध्ये अव्वल दर्जाच्या चालपटूंवर (वेगानं चालण्याच्या शर्यतीतले खेळाडू) हेच दाखवलं: केटो गटाची चरबी जाळण्याची क्षमता भरपूर वाढली, तरी १० किलोमीटरच्या शर्यतीत सुधारले ते कर्बोदकं खाणारेच. शर्यतीच्या दिवशी एक जेल (साखरेचा घट्ट पाक) मारून हे भरूनही निघत नाही, कारण ग्लुकोज जाळणारी यंत्रणा तोवर सुस्तावलेली असते. जेल घ्यायचंच असेल तर चार आठवडे आधीपासून लांब पळण्यात थोडं थोडं घेऊन पोटाला सवय लावावी, नाहीतर उरलेली शर्यत शौचालय शोधण्यात जाते.

आणि त्या सरासरीच्या आड तुम्ही पाच जण पाच तऱ्हेचे होतात. एखादा केटोआधीच्या स्वतःच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त टिकला, एखादा बराच आधी उतरला. म्हणूनच आम्ही सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला त्याच सपाट ८ किलोमीटरवर, तीच नाडी ठेवून वेळ घेतो. बाराव्यालाही वेळ मागेच असेल तर केटो सोडायला सांगतो. ‘तुझीच चिकाटी कमी पडली’ असं कुणी म्हणालं, तर त्याला तुमच्यातल्या लवकर उतरलेल्याचा आकडा दाखवतो. त्यांचे आभार जरा जास्तच.

तुमचे,
केटोवर लांब पळणारे काही जण