खड्डा पडण्याआधीची भेग

संपादक महोदय,

परवा वळीव येऊन गेला. सकाळी फिरायला निघालो तर कॉलनीतला रस्ता वाळलेला, पण त्यावर काळ्या ओल्या रेघा तशाच. काही केसासारख्या, एक तर करंगळी जाईल एवढी. खड्डा एकही नाही, म्हणून हा रस्ता 'चांगला'. माझी उभी नोकरी रस्त्यांच्या कामावर गेली. या रेघांत मला दोन पावसाळ्यांनंतरचे खड्डे दिसतात.

उन्हाने आणि हवेने डांबर म्हातारे होते. काळ्याचे राखाडी होते, लवचिकपणा जातो, मग तडकते. भेगेतून पाणी खाली मुरते. आपल्या सांगलीकडची काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. त्यात गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर. भेगेच्या कडेला मातकट चिखल वर येऊ लागला की समजावे, खालचा थर सुटायला लागला.

त्याआधी इलाज सोपा आहे. भेगेतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची, भेग कोरडी करायची आणि रबर मिसळलेले गरम डांबर भरायचे. सगळा पृष्ठभागच रुक्ष होऊन कच सुटत असेल, तर मायक्रोसरफेसिंग : पॉलिमरयुक्त इमल्शन (म्हणजे पाण्यात मिसळून पातळ केलेले डांबर), बारीक कच, चिमूटभर सिमेंट आणि पाणी यांचा जेमतेम ४ ते ८ मिलिमीटरचा थर. डांबर तापवायला नको, काही तासांत वाहतूक सुरू. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेची याविषयीची पुस्तिका २००८ सालीच निघाली आहे, म्हणजे हे काही नवे खूळ नव्हे. शिवाय रस्ता उंच होत नाही. आपल्याकडे कारपेटवर कारपेट चढवून रस्ते असे वर आलेत की पावसाचे पाणी गटाराऐवजी उंबऱ्याकडे वळते.

अर्थात, जाळीसारख्या भेगा पडून चाकोरी दबली असेल तिथे हा मुलामा म्हणजे पैसे पाण्यात. तो रस्ता उकरूनच करावा लागतो. आणि पाण्याची किंवा गॅसची लाइन टाकायची असेल तर ती आधी टाका. डांबर ओतून महिन्याभरात चर खणलेला मी एकदा नाही, अनेकदा पाहिला आहे.

अडचण तंत्राची नाही. चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर भेगा भरत होतो तेव्हा एका दुकानदाराने आम्हाला झापले होते, "तिकडं खड्ड्यात माणसं पडत्यात आणि तुम्ही इथं काय रंगवताय?" त्याचे चूक नव्हते. भेग भरल्याचा नारळ कुणी फोडत नाही, फोटोही येत नाही. मग पैसा दरवर्षी आधीच मोडलेल्या रस्त्यावर जातो आणि बरा रस्ता मोडायची वाट पाहत बसतो. देखभालीच्या तरतुदीतला ठरावीक हिस्सा फक्त पाच-सात वर्षे वयाच्या, धड असलेल्या रस्त्यांसाठी बाजूला ठेवावा आणि भेगा मेअखेर भरून घ्याव्यात, एवढीच मागणी आहे.

आमच्या कॉलनीतल्या भेगांवर मी खडूने खुणा करून ठेवल्या आहेत. संबंधितांपैकी कुणी पाऊस लागायच्या आत बघायला आले तर चहा माझ्याकडे.

– एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, सांगली