श्वास मोजून मग नंबर द्या

महोदय,

गेल्या महिन्यात थोरल्या दिरांना अपघात विभागात नेलं. केसपेपरच्या नंबरानं आम्ही सतरावे. ते नुसते गप्प बसून होते, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढलेली मी. घड्याळ धरून श्वास मोजले. मिनिटाला २८! सिस्टरला हात धरून आणलं, तेव्हा आत घेतलं.

ब्रिटनमध्ये रुग्णाला धोका जितका जास्त तितके जास्त गुण देणारा ‘न्यूज-२’ नावाचा तक्ता आहे. त्यात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वासांना एकदम ३ गुण आहेत, म्हणजे तातडीनं तपासणी. नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, शुद्ध यांचे गुण धरून बेरीज ७ झाली की धावायचंच. दारातच एक परिचारिका बसवा. आणि श्वास पूर्ण मिनिट मोजा. अंदाजानं ‘वीस’ लिहिलेलं पाहिलं की जीव तुटतो.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली