प्रभारी मुख्याध्यापकांची नोंद कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षकदिन जवळ आला की आदर्श शिक्षक पुरस्कारांचे प्रस्ताव मागवले जातात, याद्या जाहीर होतात, फोटो छापून येतात. त्या यादीत क्वचितच दिसणाऱ्या माणसाबद्दल लिहायचे आहे. हा माणूस म्हणजे वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेचा प्रभारी मुख्याध्यापक.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट 150 च्या वर गेला तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. आपल्याकडे 20 किंवा त्याहून कमी पटाच्या शाळाच 14 हजारांहून अधिक आहेत. तिथे दोघांपैकी जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडे शिक्का आणि किल्ल्या येतात. दोन-तीन इयत्तांना एकत्र शिकवत पोषण आहाराचा हिशेब, यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीची) माहिती, व्यवस्थापन समितीच्या सभा, शिवाय निवडणुकीचे काम, हे सारे त्याच्याच माथी. पद वेगळे नाही, वेतनश्रेणीही वेगळी नाही. काही बिघडले की खुलासा मात्र त्याच्याकडूनच मागवला जातो.

खरी काळजी सुरक्षिततेची आहे. ऑगस्ट 2017 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. जुलै 2025 मध्ये राजस्थानातील पिपलोदीला सात गेली. धोकादायक खोली पाडायची तर आधी तिचे निर्लेखन, म्हणजे ती वापरायोग्य नाही म्हणून सरकारी नोंदीतून कमी करणे, व्हावे लागते. समितीचा ठराव, अभियंत्याचा दाखला, पंचायत समिती, जिल्हा परिषद असा तो कागद फिरत राहतो आणि तोवर पावसाळा येतो. माझ्या केंद्रातल्या, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या शाळांपैकी एका शाळेतल्या बाईंनी गळक्या, तडे गेलेल्या खोलीला स्वतः कुलूप लावले आणि चारही वर्ग मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरवले. ‘परवानगी कोणाची घेतली?’ असे पत्र त्यांना आले. मुलांचे जीव सांभाळल्याची नोंद त्यांच्या गोपनीय अहवालात कुठेच करता आली नाही, कारण त्या नमुन्यात तसा रकानाच नव्हता.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असे आदेश दिले. हेतू योग्यच आहे. पण हे आदेश वाचताना डोळ्यांसमोर कार्यालय, शिपाई आणि मुख्याध्यापकांची केबिन असलेली शाळा उभी राहते. ज्या शाळेची वीज थकीत बिलापायी तोडलेली आहे, तिथे कॅमेरा काय टिपणार? आणि दोनच शिक्षक असताना तक्रारपेटीची किल्ली त्यांच्यापैकीच एकाच्या टेबलात असेल, तर त्याच्याविरुद्ध चिठ्ठी टाकायचे धाडस आठ वर्षांची मुलगी कशी करील? ती किल्ली ग्रामपंचायतीच्या महिला सदस्याकडे किंवा आशाताईंकडे द्यावी. त्याला पैसाही लागत नाही. बहुतेक प्रामाणिक शिक्षकांनाही हेच हवे असते, असा माझा अनुभव आहे, कारण त्यामुळे संशयाची सावलीही दूर राहते.

आता पुरस्कारांविषयी. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षक स्वतःच ऑनलाइन अर्ज करतात. शिफारशीची साखळी तुटली, हे चांगले झाले. पण अर्ज, छायाचित्रे, चित्रफिती हे सारे जमवायला वेळ लागतो, आणि दोन इयत्ता एका खोलीत सांभाळणाऱ्याकडे नेमका तोच नसतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा अशा लहान शाळेत काय घडू शकते हे सर्वांनी पाहिले. तसे काम करणारे आणखी किती जण आपल्याच तालुक्यात असतील, हे शोधायला कोणी निघाले नाही.

म्हणून शिक्षण विभागाला तीन विनंत्या आहेत. प्रभारींना दरमहा भत्ता द्यावा आणि पदभार देण्याआधी हिशेब, बालसुरक्षा व आपत्ती यांचे प्रशिक्षण द्यावे. धोकादायक खोली तात्काळ बंद करण्याचा अधिकार त्यांना लेखी द्यावा, निर्लेखनाचा कागद मागाहून फिरू द्या. आणि तालुका पुरस्कारांसाठी नावे सुचवण्याचा हक्क शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा. तिच्यात किमान पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात, आणि आपले मूल कोणाच्या भरवशावर शाळेत पाठवतो हे त्यांना ठाऊक असते.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख