पट्टा तुटला म्हणून घड्याळच फेकायचे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वस्तातले डिजिटल घड्याळ मी वर्षानुवर्षे रोज वापरतो. आतल्या क्वार्ट्झ स्फटिकाची सेकंदाला ३२,७६८ कंपने. वेळेत महिन्याकाठी साधारण अर्ध्या मिनिटाचा फरक. एवढ्याने कोणाची गाडी चुकत नाही. कॅसिओचे १९८९ सालचे ‘एफ-९१डब्ल्यू’ अजून विकले जाते, ते उगाच नव्हे.

माझी तक्रार वेगळीच आहे. यंत्र ठणठणीत असते, आधी जातो तो पट्टा. बकल ज्या भोकात रोज अडकते तिथेच केसाएवढी चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस घड्याळ हातात येते. दुकानात उत्तर ठरलेले: ‘त्यापेक्षा नवीनच घ्या!’ सुटे पट्टे ठेवायला काय होते? सेल बदलतानाही तीच तऱ्हा. आतली रबरी रिंग नीट न बसवताच झाकणाचे स्क्रू आवळतात, मग पहिल्याच पावसात काचेआड वाफ धरते. (वर ‘वॉटरप्रूफ नव्हतेच’ हे ऐकून घ्यायचे.)

उत्पादकांनी पट्ट्याचे माप व सेलचा क्रमांक मागच्या झाकणावर ठळक छापावा आणि पट्टे सुटे विकावेत.

आपला,
एक नियमित वाचक