आप्पा, तुम्ही नदीवरून परत आणलेले कागद

आदरणीय आप्पांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र चार लोकांसमोर लिहिते आहे, कारण घरी येऊन आभार मानायला लागले की तुम्ही चहा टाकायला उठता. तुमचं नाव लिहायचं नाही असं बजावलंत, म्हणून नुसतं आप्पा. ओळखणारे ओळखतील.

दोन वर्षांपूर्वी आमचं धाब्याचं घर उतरवायला काढलं. धुळ्याच्या साक्री तालुक्यात आता अशी मातीच्या सपाट छताची घरं फार उरली नाहीत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत लाल कापडाचे तीन रुमाल, म्हणजे कागद बांधायची गाठोडी, निघाले. आत मोडी, म्हणजे जुन्या मराठी लपेटीदार लिपीतले कागद, काही कसर लागलेले, काही उंदरांनी कुरतडलेले. कोणालाच वाचता येईना. काकांनी ठरवलं की फाटक्या पोथ्यांबरोबर हेही पांझरा नदीत सोडून द्यावं. काकांना मी दोष देत नाही. जे वाचता येत नाही त्याचा मान राखायची त्यांना तेवढीच रीत माहीत होती.

तुम्ही त्या सकाळी काठावर होतात. माझ्या भावाला विचारलंत, “कागदस्मा काय शे?” कागदांत काय आहे, असं आपल्या अहिराणीत. तो म्हणाला, जुनं काहीतरी आहे. तुम्ही तिथेच दगडावर बसलात, मांडीवर रुमाल सोडला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचलीत. काकांच्या हातातला दुसरा रुमाल पाण्यापासून वीतभरच लांब होता. ते तसेच थांबले. आप्पा, पहिले आभार त्या एका ओळीचे.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. फाटलेल्या सात कागदांना मी आदल्याच आठवड्यात चिकटपट्टी लावली होती. जपायचं म्हणून लावली आणि त्यांचं सगळ्यात मोठं नुकसान मीच केलं. पट्टीचा गोंद कागदात उतरतो, डाग पडतो आणि काढायला जावं तर शाईही निघून येते. तुम्ही ते पाहिलंत, थोडा वेळ काही बोलला नाहीत, मग एवढंच म्हणालात की यापुढे नको. त्या सातांपैकी दोन कागदांवरची अक्षरं आज कोणालाही लागत नाहीत. तुम्ही तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत, म्हणून मीच इथे लिहून ठेवते.

त्याआधी एका गृहस्थांना आम्ही एक कागद दाखवला होता. पानामागे पैसे घेऊन त्यांनी सांगितलं की ही तुमच्या घराण्याच्या सरदारकीची सनद आहे. भावाने तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावायचंही ठरवलं होतं. तुम्ही तो कागद वाचलात तेव्हा ती निघाली पाट उकरण्याची यादी. बंधाऱ्यापासून फडापर्यंतचा, म्हणजे त्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या शेतांपर्यंतचा पाट साफ करायचा, त्यासाठी घरटी एक माणूस, त्रेचाळीस नावं. एका नावापुढे लिहिलं होतं की बाई एकटी, घरात कर्ता नाही, सबब माफ. आणि शेवटच्या बंदावर, म्हणजे पानावर, आमच्याच आडनावाचा एक माणूस होता. त्याने रात्री पाट फोडून पाणी आपल्या वावरात घेतलं, म्हणून त्याच्याकडून दंड घ्यावा!

भावाचा चेहरा पडला. तेव्हा तुम्ही राजवाड्यांची गोष्ट काढलीत.

शाळेत आम्हाला ‘इतिहासाचार्य वि. का. राजवाडे’ एवढं एका ओळीत शिकवलं होतं. धुळ्यात त्यांच्या नावाचं मंडळ आहे हेही माहीत होतं, पण बसमधून जाताना दिसणारी पाटी यापलीकडे त्याचा अर्थ नव्हता. माणूस म्हणून ते पहिल्यांदा दिसले ते तुमच्या ओट्यावर. कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या वरसईचे, जन्म १८६३चा. वडील लहानपणीच गेले. डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले, काही काळ शाळेत शिकवलं, मग नोकरीला राम राम ठोकला. बायको ऐन तरुणपणी गेली, पुन्हा लग्न केलं नाही. ‘भाषांतर’ नावाचं मासिक काढून प्लेटो मराठीत आणला. इंग्रजीत लिहिलं असतं तर जगभर नाव झालं असतं, तरी उभ्या आयुष्यात मराठी सोडून दुसऱ्या भाषेत ग्रंथ लिहिला नाही. वाईला पेशवाईतली पत्रं हाती लागली आणि त्यांतून १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांच्या पत्रांचा. असे एकूण बावीस खंड. पाठीशी ना संस्थान, ना सरकार. हाताने रांधून खायचं, गावोगाव पायपीट करायची, कोणाच्या माळ्यावर काय आहे ते विचारायचं. लोक दार लावून घ्यायचे. कागद दाखवला तर इनाम जाईल, भाऊबंद वाटणी मागतील, अशी भीती. अनेक दप्तरं तोवर वाण्याकडे पुड्या बांधायला गेली होती आणि कित्येक नदीला मिळाली होती.

नदीचं नाव तुम्ही मुद्दाम घेतलं नाहीत. पण काका मान खाली घालून ऐकत होते.

मला सगळ्यात जास्त भिडली ती पुढची गोष्ट. राजवाड्यांच्या खंडांत फक्त छत्रपती-पेशव्यांची पत्रं नाहीत. शिवकालीन घराण्यांच्या खंडांत देशमुख-देशपांड्यांचे महजर, म्हणजे पंचांसमोरचे निकाल, आहेत, करीने, म्हणजे घराण्यांच्या हकिगती, आहेत, भावाभावांतल्या वतनाच्या भांडणांचे निवाडे आहेत. लढाई कोणी जिंकली एवढ्याने त्यांचं समाधान होत नसे. लोक खात काय होते, कर कसा भरत होते, बोलत कसं होते, हे सगळं त्यांना इतिहासात हवं होतं. तुम्ही भावाला म्हणालात, “ही यादी त्यांच्या हातात पडली असती, तर सनद बाजूला ठेवून त्यांनी हीच आधी वाचली असती.” त्या दिवसापासून आमच्या घरात पाट फोडणाऱ्या त्या पूर्वजाचा विषय चेष्टेने नाही, आपुलकीने निघतो. यादी चौकटीत लावलेली नाही. तुमच्या सांगण्याप्रमाणे ती सपाट करून, आम्ल नसलेल्या कागदात घालून, अंधारात ठेवली आहे.

मग तुम्ही मला मोडी शिकवायला घेतलंत. दर रविवारी, दीड वर्ष. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला टांगायची, हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, त्यामुळे कुठे तोडायचं ते अर्थ लागल्याशिवाय कळत नाही आणि तोडल्याशिवाय अर्थ लागत नाही. मी रडकुंडीला यायचे. तुम्ही म्हणायचात, अंदाजाने वाचू नकोस, न लागलेलं अक्षर मोकळं सोड. कागद आहे तसा उतरवायचा, आपल्या सोयीने शुद्ध करायचा नाही, ही शिस्त मी तुमच्याकडून शिकले.

कालगणनेचा तो रविवार तर मी विसरणार नाही. एका पत्रावर नुसतं ‘छ २७ जिल्काद’, म्हणजे जिल्काद या मुसलमानी महिन्याचा सत्ताविसावा चंद्र. वर्षाचा पत्ता नाही. जुन्या पत्रांचं हे मोठं दुखणं, कारण लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला वर्ष ठाऊकच असायचं. त्याच रुमालातल्या पाटाच्या यादीवर मात्र ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’ होतं. तुम्ही बोटांवर मोजायला लावलंत. इहिदे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत चालणारी अरबी नावांची कालगणना, ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०, आणि हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतं, म्हणजे १७७०-७१. थोरल्या माधवराव पेशव्यांची कारकीर्द. पत्रात त्याच यादीतल्या दंडाचा उल्लेख होता, म्हणून ते त्याच वर्षातलं असणार. मग जिल्कादचा सत्ताविसावा चंद्र जंत्रीत, म्हणजे जुन्या तारखांच्या तक्त्यात, पाहिला. मार्च १७७१चा मध्य निघाला, पाडवा तीन-चार दिवसांवर. फाल्गुनाच्या अखेरीस पाण्यावरून भांडण! आमच्याकडे आजही त्याच दिवसांत होतं. माझ्या अंगावर काटा आला. बिनतारखेच्या पत्रांना आतल्या पुराव्यावरून तारीख लावत राजवाड्यांनी किती रात्री काढल्या असतील, ते त्या दिवशी कळलं.

तुम्ही राजवाड्यांचे भक्त आहात, पण त्यांच्या चुका तुम्ही झाकल्या नाहीत, याचेही आभार. त्यांची मतं टोकाची असत आणि जातींविषयी त्यांनी लिहिलेलं काही आज वाचवत नाही. कायस्थ प्रभूंबद्दलच्या त्यांच्या लिखाणाला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी सडेतोड उत्तर दिलं होतं, तेही तुम्हीच मला वाचायला लावलंत. साधनं जमवणारा राजवाडे आणि त्यांवरून निष्कर्ष काढणारा राजवाडे हे वेगळे धरायचे, पहिल्यापुढे नमस्कार करायचा आणि दुसऱ्याशी भांडायचं, असं तुम्ही सांगितलंत. मला यातलं पूर्ण पटत नाही. पहिल्याने काय जमवायचं ते दुसरा ठरवतच असणार. पण माझं हे म्हणणंही तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत.

आणि धुळ्याची ती फेरी. साक्रीहून एसटीने निघालो, तुमच्या पिशवीत भाकरी आणि ठेचा. वाटेत तुम्ही सांगत होतात. ७ जुलै १९१०ला राजवाड्यांनी सरदार मेहेंदळ्यांबरोबर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, पण पुढे मतभेद झाले तेव्हा आपणच उभी केलेली संस्था सोडून ते बाजूला झाले. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळवून १९०९मध्ये छापली, तिच्या भाषेचं व्याकरण लिहिलं. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्येचा ‘राधामाधवविलासचंपू’ काढला, उत्तर कोकणची ‘महिकावतीची बखर’ काढली, आणि शेवटी क्रियापदांच्या धातूंच्या आणि शब्दांच्या व्युत्पत्तीत बुडाले. त्या व्युत्पत्तींचे कोश छापलेले बघायला मात्र ते राहिले नाहीत. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच गेले. त्यांचे कागद वाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून तिथल्या लोकांनी १९२७मध्ये त्यांच्या नावाने मंडळ उभं केलं. मंडळाच्या दारात तुम्ही चपला काढल्यात आणि मला म्हणालात, मी इथेच मोडी शिकलो, तुझ्यापेक्षा जास्त रडलो होतो.

परतताना तुम्ही गप्प होतात. साक्री आल्यावर एवढंच म्हणालात की आता मोतीबिंदूमुळे बारीक लपेटीचं अक्षर दिसत नाही, पुढचा रुमाल तू वाच.

तो मी वाचायला घेतला आहे. एकसष्ट कागदांची यादी झाली, प्रत्येकाचं छायाचित्र काढून झालं. चुलतभावाची मुलगी नववीत आहे, ती शेजारी बसून शिरोरेघा ओढते. काका मधूनमधून येऊन विचारतात, आज कोण सापडलं? ज्यांनी हे नदीत सोडायला नेलं, त्यांनाच आता दर संध्याकाळी एक नवं नाव ऐकायचं असतं.

येत्या रविवारी भिंग घेऊन येते. अठ्ठाविसाव्या कागदावर अकराव्या ओळीत एक शब्द अडला आहे. मला तो ‘पाटकरी’ वाटतो, पण शेवटचं अक्षर ‘री’सारखं वळत नाही. अंदाजाने वाचलेलं नाही, जागा मोकळी सोडली आहे.

आपली,
रविवारची विद्यार्थिनी