सैनिकाची गोष्ट मुलांना सांगू द्या: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. एक मागणी घेऊन आपल्याला लिहिते आहे. आमच्या मुलांनी गावातल्या माजी सैनिकांकडून त्यांच्या युद्धकाळातल्या आठवणी ऐकाव्यात, आणि त्या आठवणींची नीट बांधणी करून त्या कथेच्या रूपात पुन्हा सांगायला त्यांना शिकवलं जावं. हे वक्तृत्वस्पर्धेपुरतं किंवा ध्वजदिनापुरतं नको. मराठीच्या तासाला, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून हवं.

साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जवान मारले गेले आणि त्यांच्यासाठी इंग्रज सरकारने तिथे स्मारक उभारलं. त्या काळी गावोगावी ज्या शिळा बसवल्या गेल्या त्यांच्यावरचा मजकूर बहुतेक एकाच साच्याचा असे: या गावातून इतके पुरुष 1914 ते 1919 च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. म्हणजे आकडा कोरलेला, नाव नाही, गोष्ट तर नाहीच. पहिल्यांदा समुद्र पाहिला तेव्हा त्यांना काय वाटलं, घरचं पत्र त्यांना कोण वाचून दाखवायचं, हे सांगणारं आता कुणी नाही. 1971 चं सांगणारे मात्र अजून आहेत. तेव्हा विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या पुढे-मागे आहेत. कारगिलला लढलेलेसुद्धा आता पन्नाशीच्या आसपास पोचलेत. माझी घाई त्यासाठी आहे.

सध्या शाळेत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. 26 जुलैला किंवा 26 जानेवारीला एखाद्या सुभेदारांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, व्यासपीठावर बसवतात आणि माइक पाहुण्यांच्या हातात जातो. सुभेदार दोन मिनिटं बोलतात, तेही आभाराचं. नंतर मुलं निबंधात लिहितात, 'प्राणांची बाजी लावून त्यांनी शत्रूला नामोहरम केले.' हे वाक्य कुठल्याही सैनिकाला, कुठल्याही लढाईला चालतं, म्हणून ते कुणाचंच नसतं. यात मुलांचा दोष नाही. कुणाची आठवण ऐकून तिची गोष्ट कशी करायची, हे आपण त्यांना कधी शिकवलंच नाही. दहावीच्या उपयोजित लेखनात कथालेखन आहे, पण त्यात मुद्दे छापून दिलेले असतात, नाहीतर अर्धी कथा दिलेली असते. मुलाने ती पुरी करायची आणि शीर्षक-तात्पर्य लिहून मोकळं व्हायचं. बारावीच्या उपयोजित मराठीत मुलाखत आहे, तीही चांगली आहे. पण मुलाखत आणि कथा यांची गाठ कुठल्याच इयत्तेत पडत नाही.

ती गाठ कथानकाच्या रचनेने घालता येते. प्रारंभ, चढत जाणारा संघर्ष, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट अशी पाच टप्प्यांची मांडणी गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये नाटकासाठी केली आणि जगभरच्या वर्गांत ती अजून शिकवतात. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही. तानाजीची गोष्ट आपण कोंढाण्याच्या कड्यापासून सुरू करत नाही, रायबाच्या लग्नापासून करतो. घरातलं लग्न काढून टाका, मग कडा चढणारा माणूस काय मागे ठेवून आला हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. आणि गड हाती आल्यावरही गोष्ट थांबत नाही, कारण सिंह गेलेला असतो. आधीचं आणि नंतरचं धरल्याशिवाय मधलं कळत नाही, हे आपल्या शाहिरांना पक्कं माहीत होतं.

सैनिकांच्या बाबतीत नेमकं हे आधीचं आणि नंतरचंच हरवतं. नाईक यशवंत घाडगे यांचं उदाहरण घ्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा 22 वर्षांचा तरुण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होता. 10 जुलै 1944 रोजी इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, अगदी जवळून आलेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे त्या गनवर धावून गेले. ग्रेनेड फेकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना झोडपलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. शौर्यपदकाच्या प्रशस्तिपत्रात असतो तो हा एवढाच भाग, गोष्टीचं शिखर. त्या शिखरापर्यंत माणूस कुठून चालत आला आणि त्यानंतर त्याच्या घरात काय झालं, हे प्रशस्तिपत्र सांगत नाही, ते त्याचं कामही नाही. नववीतल्या मुलापुढे असं एक प्रशस्तिपत्र ठेवा आणि विचारा, पाचांपैकी कुठले टप्पे यात नाहीत, आणि ते कुणाला विचारले तर कळतील? त्याचे पुढचे सगळे प्रश्न त्यातूनच तयार होतात.

दुसरं उदाहरण 1971 चं. डिसेंबरात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरमध्ये, पाकिस्तानची 31 बलूच पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आपली 'जंगी पलटण', ब्रह्मपुत्रा ओलांडून या बलूच पलटणीच्या मागे गेली आणि तिने टांगाइलकडे जाणारा रस्ता अडवला. आपल्या ब्रिगेडियरनी शरण येण्याचं पत्र मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, एका माणसाच्या हाती पाठवलं. समोरच्या कर्नलने उत्तर धाडलं ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून, आणि वर लिहिलं की पुढच्या भेटीत तुमच्या हातात लेखणीऐवजी स्टेनगन दिसावी. 10 डिसेंबरच्या रात्री बलूच पलटण वेढा फोडून निघाली आणि थेट मराठ्यांच्या मोर्च्यावर येऊन आदळली. सकाळ होईतो जमालपूर पडलं होतं.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मी एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट कुणाची? पत्र लिहिणाऱ्या ब्रिगेडियरची म्हटली तर उत्कर्षबिंदू गोळीला गुंडाळलेलं उत्तर. निरोप घेऊन शत्रूच्या गोटात गेलेल्या माणसाची म्हटली तर त्याची सगळी चढण म्हणजे ती एक वाट. आणि खंदकात बसलेल्या शिपायाची म्हटली तर? त्याला पत्राचा पत्ताच नसेल. त्याच्या गोष्टीत असते थंडी, अंधार आणि समोरून येणारा पावलांचा आवाज. घटना एक, पण उभं राहायची जागा बदलली की कथानकाचा आकार बदलतो. मुलांना हे कळलं की ती पाठ्यपुस्तकातला इतिहाससुद्धा वेगळ्या नजरेने वाचतात.

याच मुलांना नंतर प्रत्यक्ष माणसापुढे बसवलं की खरी परीक्षा सुरू होते. माणूस ओळीने सांगत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीने तिच्या आजोबांना 71 बद्दल विचारलं. ते बराच वेळ आगगाडीच्या प्रवासाबद्दल बोलले, भाताबद्दल बोलले, चिखलात रुतलेल्या गाडीबद्दल बोलले. लढाईबद्दल एवढंच, 'रात्रभर चाललं, पहाटे थांबलं.' मुलगी हिरमुसून आली, म्हणाली, यात उत्कर्षबिंदूच नाही. तिला म्हटलं, टिपण पुन्हा वाच आणि आजोबा कुठे थांबले ते बघ. ते एका ठिकाणी थांबले होते. पलटणीतल्या मित्राची ट्रंक त्याच्या घरी पाठवायची होती आणि तिच्यातलं सामान यांनी लावलं होतं. साबण, एक न लिहिलेलं अंतर्देशीय पत्र, धाकट्या भावासाठी घेतलेला सदरा. हेच शिखर आहे, हे तिचं तिलाच कळलं. मग आगगाडीचा प्रवास प्रारंभात गेला, कारण त्या डब्यात तो मित्र शेजारी बसलेला होता. भातही कामाला आला, कारण दोघं एका ताटात जेवायचे. तिने एकही प्रसंग पदरचा घातला नाही. फक्त क्रम लावला.

रचना शिकवावी ती यासाठी, भर घालण्यासाठी नाही. इथे माझी भीतीही सांगते. पाच टप्पे साच्यासारखे वापरले तर मुलं जिथे धडाका नव्हता तिथे धडाका घालतील. काही आयुष्यांना शिखर नसतंच. 1915 च्या डिसेंबरात, आजच्या इराकमधल्या कूत अल-अमारा इथे, इंग्रजांच्या हिंदी फौजेतल्या सहाव्या पुणे डिव्हिजनला तुर्कांनी वेढलं. त्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. जवळजवळ पाच महिने उपासमार झाली, हिंदी जवानांनी कितीतरी काळ घोड्याचं मांस खायला नकार दिला, आणि 29 एप्रिल 1916 ला फौज शरण गेली. पुढे कैदेतल्या पायपिटीत हजारो मेले. या गोष्टीला उत्कर्षबिंदू कुठला म्हणायचा? ती उतरतच जाते, आणि तिला तसंच उतरू द्यायला हवं.

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात एका पंजाबी युद्धकैद्याचा आवाज जपलेला आहे. मल सिंग त्याचं नाव. 1916 च्या डिसेंबरात जर्मनांनी त्याला यंत्रापुढे बोलायला लावलं आणि त्याने स्वतःचीच गोष्ट दुसऱ्या कुणाची असावी तशी सांगितली. एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, मग इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती सापडला. त्याला घरी जायचंय. असंच इथे राहिला तर मरेल. आणि शेवटी 'तो' सुटतो, 'आम्ही' येतं: देवाने तह घडवला तर आम्ही परत जाऊ. मिनिट-दीड मिनिटाचं हे बोलणं माझ्या मते नववीच्या प्रत्येक वर्गात अनुवाद करून वाचलं जावं. 'तो'चा 'आम्ही' कुठे झाला आणि का झाला, एवढ्या एका प्रश्नावर एक तास सहज जातो.

आता मागणीचं बोलते. नववीच्या मराठीला अंतर्गत मूल्यमापन आहे, त्यात श्रवण आणि भाषण तपासायचं असतंच. त्या जागी वर्षातून एकदा अशी एक ऐकलेली आणि पुन्हा सांगितलेली गोष्ट घ्यावी. वेगळा विषय नको, वेगळं पुस्तक नको. या गोष्टीला तात्पर्य मागू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. ट्रंक लावणाऱ्या माणसाच्या आठवणीखाली 'म्हणून आपण देशावर प्रेम करावे' असं लिहायला लावणं म्हणजे त्याचं बोलणं मध्येच तोडणं आहे. गुण द्यायचे ते नीट ऐकल्याचे, क्रम लावल्याचे, आणि न सांगितलेलं न घातल्याचे.

बोलायला राजी असलेल्या माजी सैनिकांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून शाळांना मिळावी, त्यांची संमती आधी घेऊन. वीरपत्नींचीही मिळावी, कारण आधीचं आणि नंतरचं बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतं. शिक्षकांना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एक दिवसाचं प्रशिक्षण द्यावं. त्यात कथानकाइतकाच वेळ काय विचारू नये यावर घालवावा. 'तुम्ही किती मारले?' हा प्रश्न मुलं पहिल्याच मिनिटाला विचारतात, आणि काही घरांत त्यानंतर रात्रभर कुणी झोपत नाही. सैनिक गप्प झाला तर मुलानेही गप्प बसावं, हे शिकवावं लागतं. आणि एक नियम लेखी असावा: गोष्ट वर्गात वाचण्याआधी मुलाने ती त्या सैनिकाला वाचून दाखवायची. ते म्हणाले हे काढ, तर ते काढायचं.

मूळ बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित होऊ शकतं. त्याची एक प्रत त्या कुटुंबाकडे आणि एक शाळेत राहावी.

राज्यभर एकदम सुरू करणं अवघड असेल तर सातारा, कोल्हापूर, सांगली आणि रायगड या जिल्ह्यांतल्या काही शाळांत पुढच्या जूनपासून सुरू करा. आमच्या शाळेतल्या नववीच्या दोन्ही तुकड्या मी त्यासाठी तयार ठेवते. आपल्या कार्यालयातून नुसतं 'करा' एवढं पत्र आलं तरी पुरे आहे.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका, जिल्हा सातारा